दहा किलोसाठी एवढा खटाटोप? पोलो जीटीत लिथियम बॅटरी की आपली साधीच

फोक्सवॅगन पोलो जीटीला लिथियम बॅटरी टाकू का, हे गेल्या दोन महिन्यांत तिघांनी विचारलं म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. माझ्या १.२ टीएसआय इंजिनवाल्या पोलोत सव्वा वर्ष लिथियम होती, त्याआधी कंपनीवाली लेड-ॲसिड, म्हणजे आपली साधी, आणि मित्राच्या रेस ट्रॅकवाल्या गाडीत छोटी एजीएम (लेडचीच, पण ॲसिड आतल्या काचतंतूच्या चटईत शोषलेलं, सीलबंद) जवळून बघितलीय.

आधी वजन, कारण सगळे त्यासाठीच येतात. विमानात जायच्या आधी बॅगा तोलायचा हुकवाला काटा असतो ना, त्याला दोन्ही बॅटऱ्या लटकवल्या. जुनी १४.२ किलो, लिथियम ४.१. म्हणजे दहा किलो गेले आणि तेही पुढच्या चाकांवरचे, जिथे ही गाडी मुळात नाकाने जड आहे. मस्तच वाटलं. मग उत्साहात त्याच काट्याला स्टेपनी, जॅक, पाना सगळं लटकवलं तर १७ किलो, म्हणजे ते घरी ठेवलं तरी बॅटरीपेक्षा जास्त वाचतं. आणि पोलोची टाकी ४५ लिटरची, अर्धीच भरून निघालात तर साधारण १६ किलो फुकट वाचतात. अकराशे किलोच्या आसपासच्या गाडीत दहा किलो म्हणजे एक टक्काही नाही. घाटात पहिल्या वळणाला नाक हलकं वाटलं मला, मग वाटलं की मला वाटतंय म्हणून वाटतंय.

आणि बॅटरी बॉनेटखाली आहे म्हणून निदान हा फायदा तरी. काही बीएमडब्ल्यूंमध्ये ती डिकीत असते, मुद्दाम, पुढचं-मागचं वजन जुळवायला. तिथे दहा किलो काढले तर ते मागून जातात, त्याचा विचार आधी करा.

सेल्फ मारताना मात्र फरक खरा आहे, इथे वाटण्याबिटण्याचा प्रश्न नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटचा (गाडीच्या लिथियम बॅटरीत हेच असतं) आतला रेझिस्टन्स कमी, त्यामुळे सेल्फ मारला की साधी बॅटरी दहा व्होल्टच्या आसपास खाली बसते तिथे ही फारशी खाली येत नाही आणि इंजिन खट्कन लागतं. टर्मिनलवर पांढरी भुकटी नाही, ॲसिड सांडायची भीती नाही.

आता कपॅसिटी, आणि खरी गोम इथेच आहे. बॉक्सवर ‘६० एएच इक्विव्हॅलंट’ लिहिलेलं असतं (एएच म्हणजे अँपिअर-अवर, साठ्याचं माप), म्हणजे ६० एएचच्या साध्या बॅटरीच्या तोडीची, पण आत खरे असतात १८-२० एएच. खोटं नाही म्हणता येणार, गाडी सुरू करायची ताकद ६० एएचवालीइतकीच असते, पण साठा तेवढा नसतो. हंडा आणि कळशी म्हणा, नळ दोन्हीला एकाच जोराचा. म्हणून घेताना वॉट-अवर बघा, २५६ लिहिलं असेल तर भागिले १२.८ व्होल्ट, ती २० एएचच आहे, इक्विव्हॅलंट गेलं खड्ड्यात.

बंद गाडीसुद्धा करंट खाते, अलार्म, लॉक, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) वगैरे मिळून ३० मिलिअँप धरा, दिवसाला पाऊण एएच. वीस एएचवाली यात दोन-तीन आठवडे काढेल. पण माझ्या गाडीत डॅशकॅम पार्किंग मोडवर, म्हणजे गाडी बंद असतानाही चालू, तो एकटा २५० मिलिअँप, म्हणजे दिवसाला सहा एएच. गौरी-गणपतीला रेल्वेने कोकणात गेलो, गाडी सोसायटीच्या बेसमेंटमध्ये, सहाव्या दिवशी परत आलो तर रिमोट दाबतोय आणि काहीच नाही. किल्लीच्या पात्याने दार उघडलं, मोबाईलच्या टॉर्चमध्ये मल्टिमीटर लावला, शून्य. साधी असती तर कण्हत का होईना लागली असती. वर डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, म्हणजे धक्कास्टार्टही नाही. मेकॅनिक म्हणाला बॅटरी गेली, बदला. गेली नव्हती, आतल्या बीएमएसने (बॅटरी सांभाळणारं सर्किट) सेल वाचवायला स्वतःच कनेक्शन तोडलं होतं, लिथियम मोडच्या चार्जरने अर्ध्या तासात जागी झाली. बीएमएस नसलेली स्वस्तातली असती तर मात्र खरंच कायमची गेली असती, त्यामुळे तिथे पैसे वाचवू नका.

मीटरवर तर अजिबात विसंबू नका. साध्या बॅटरीला १२.६ व्होल्ट म्हणजे फुल, १२ म्हणजे जवळपास रिकामी, सरळ हिशोब. लिथियम फुल असताना १३.३ आणि बरीच संपली तरी १३ च्या आसपास दाखवते, मग एकदम कोसळते. मी आदल्या आठवड्यात १३.१ बघून खूश होऊन निघालो होतो.

चार्जिंगचं थोडक्यात. अल्टरनेटर (चालू गाडीत बॅटरी चार्ज करतो तो) १४.४ व्होल्टच्या आसपास देत असेल तर दोघी खूश. स्मार्ट अल्टरनेटर (गरजेप्रमाणे व्होल्टेज बदलणारा), बॅटरी सेन्सर असलेल्या गाडीत आधी कोडिंगवाल्याशी, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणाऱ्याशी बोला. जुन्या चार्जरचा डिसल्फेशन मोड (लेड बॅटरीच्या प्लेटांवरचा थर काढायचा) लिथियमला लावायचा नाही म्हणजे नाही, तो व्होल्टेज फार वर नेतो. आणि चालू गाडीत बीएमएसने कनेक्शन तोडलं तर अल्टरनेटरचा झटका थेट इलेक्ट्रॉनिक्सला बसू शकतो, ही रिस्क साध्या बॅटरीत नाही.

थंडी-उन्हाचं म्हणाल तर शून्याखाली लिथियम चार्ज करायची नसते, पुण्या-मुंबईत तो प्रश्न नाही, आपला प्रश्न ट्रॅफिकमध्ये तापलेलं बॉनेट. ती उष्णता दोघींनाही खाते, फक्त एक पाच-सहा हजारांत बदलून मिळते आणि दुसरी चार-पाच पट पैशात. शिवाय जुन्या लेडच्या बॅटरीला भंगारवाला हसत पैसे देतो, लिथियमला हात लावत नाही.

मधला मार्ग म्हणजे छोटी एजीएम. ओडिसी पीसी६८० सारखी, सात किलो, १६ एएच. वजन जवळपास निम्मं, चार्जरचे नखरे कमी, बीएमएस नाही. पण साठा तिचाही कळशीचाच.

पोर्शेने २०१० मध्ये ९११ जीटी३ आणि बॉक्स्टर स्पायडरला ऑप्शन म्हणून लिथियम दिली, सहा किलोची, नेहमीचीपेक्षा दहा किलोहून जास्त हलकी, जर्मनीत किंमत १,९०४ युरो. आणि सोबत साधी बॅटरीपण दिली, थंडीत लावायला. ज्यांनी लिथियम विकली त्यांनीच दोन्ही दिल्या राव.

तर गाडी रोज निघत असेल, डॅशकॅम-जीपीएस काही जोडलेलं नसेल आणि स्टेपनी, चाकं, टायर यांचं वजन आधीच कमी करून झालं असेल तर टाका लिथियम, मजा येते. गाडी आठवडा-आठवडा उभी राहत असेल तर साधी किंवा मोठी एजीएम, विषय संपला. फक्त ट्रॅकची आणि घरी चार्जरला लावून ठेवता येत असेल तर लिथियम किंवा छोटी एजीएम, खिसा बघून.

मी आता पोर्शेवालंच करतो. एरवी साधी, आणि लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीला ड्रॅग रेस असली की आदल्या रात्री बॅटरीच्या बुडातला १३ चा बोल्ट काढून लिथियम, खाली लाकडाचा ठोकळा, कारण खोका छोटा आणि क्लॅम्पमध्ये हलतो. वीस मिनिटांचं काम, नंतर फक्त घड्याळ लावायचं आणि काचांचं वन-टच परत शिकवायचं. डॅशकॅमचा पार्किंग मोड तेवढा बंद केलाय.