काळजीपोटी काळोख: ओएलईडी टीव्हीचे सात महिने

गेले सात महिने आमच्या घरात ५५ इंची ओएलईडी टीव्ही आहे. आजवर मी वापरलेल्या सगळ्या टीव्हींत त्याचे चित्र सर्वांत देखणे आहे, आणि तरीही पहिले तीन आठवडे हा संच बिघडलेला आहे अशी माझी पक्की समजूत होती. चित्रपट पाहता पाहता पडदा हळूहळू मंद होई, मध्येच पुन्हा उजळे, आणि नेमके काय केल्याने उजळला ते कळत नसे. कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही. हे मंदावणे वेगवेगळ्या नावांनी बहुतेक कंपन्यांच्या संचांत असते, त्यामुळे एकट्या या संचाला त्यासाठी बदनाम करणे योग्य नाही. माझी तक्रार मंदावण्याविषयी कमी आणि ते मेनूत ज्या रीतीने विखरून, लपवून ठेवले आहे त्याविषयी अधिक आहे.

आधी चांगले सांगतो. ओएलईडी पडद्यामागे दिवा नसतो, प्रत्येक बिंदू स्वतःचा प्रकाश स्वतः देतो. त्यामुळे काळा रंग दाखवायचा असेल तेव्हा तो बिंदू सरळ विझतो. अंधारलेल्या खोलीत तारांकित आकाशाचे दृश्य लावले, की पडद्याची कड कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते ते सांगता येत नाही. आमच्या जुन्या एलसीडी संचात काळ्या पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या उपशीर्षकांभोवती धुरकट वलय दिसे, कारण तिथे मागचे दिवे गटागटाने लागतात आणि एका अक्षरासाठी आजूबाजूचा सगळा गट उजळतो. इथे तो प्रश्नच उद्भवत नाही. बाजूला बसून पाहिले तरी रंग फारसे फिके पडत नाहीत. उणीव आहे ती पूर्ण पांढऱ्या पडद्याची: रात्रीच्या दृश्यातला एकटा कंदील डोळे दिपवतो, पण बर्फाच्छादित मैदान पडदाभर आले की तोच पांढरा रंग पुष्कळ उतरतो. सगळे बिंदू एकाच वेळी पूर्ण तेजाने पेटवले तर वीज आणि उष्णता दोन्ही आवाक्याबाहेर जातील, म्हणून संच एकूण प्रकाशावर मर्यादा घालतो. ही मर्यादा या तंत्राचाच भाग आहे आणि कोणत्याही सेटिंगने ती जाणार नाही. ती आधीच समजून घेतली असती तर माझा पहिला आठवडा वाया गेला नसता.

कारखान्यातून येताना संच ज्या पिक्चर मोडमध्ये असतो, त्यात चित्र कसे दिसते याचे वर्णन एका शब्दात करायचे तर ‘निळसर’ असे करावे लागेल. अशा भडक मोडमध्ये पांढरा रंग निळ्याकडे झुकवलेला असतो, कारण दुकानाच्या झगमगाटात तो अधिक उजळ भासतो. चित्रपट आणि मालिका मात्र सुमारे ६५०० केल्व्हिनच्या, म्हणजे कमी निळसर, पांढऱ्याला प्रमाण मानून रंगवलेल्या असतात. म्हणून मी पहिल्याच दिवशी ‘फिल्ममेकर मोड’ निवडला. टीव्ही कंपन्या आणि चित्रपट स्टुडिओ यांच्या यूएचडी अलायन्स या संघटनेने २०१९ मध्ये जाहीर केलेला हा मोड आता अनेक कंपन्यांच्या संचांत मिळतो, आणि तो लावला की हालचाल गुळगुळीत करणे, कडा धारदार करणे, कण पुसणे ही सगळी ‘सुधारणा’ एका फटक्यात बंद होते. घरातल्यांना पहिले दोन दिवस चित्र पिवळट वाटले. तिसऱ्या दिवशी मी न सांगता जुना मोड लावून पाहिला, तेव्हा चेहरे आजारी का दिसत आहेत असा प्रश्न त्यांनीच केला.

बारीकसारीक जुळवणीला लागलो तेव्हा शब्दांचा घोळ सुरू झाला. पूर्वीच्या टीव्हींपासून ‘ब्राइटनेस’ म्हणजे खरे तर काळ्याची पातळी, आणि पडद्याचा उजेड ठरवणारी कळ म्हणजे ‘बॅकलाइट’. ओएलईडीला मागचा दिवाच नाही, म्हणून तिथे तिसरेच नाव येते. सोनीच्या अलीकडच्या संचांवर ‘ब्राइटनेस’ खरोखर उजेड ठरवतो आणि काळ्यासाठी ‘ब्लॅक लेव्हल’ हा निराळा पर्याय असतो. त्यामुळे कोणाच्या सल्ल्यावरून ‘ब्राइटनेस ५० ठेवा’ असे वाचले, तर आपल्या संचावर तो शब्द कशासाठी वापरला आहे ते आधी तपासावे. पद्धत सोपी आहे: खोली अंधारी करून काळ्या पट्ट्यांचा चाचणी नमुना लावावा, ती कळ हलवावी, आणि फक्त काळे राखाडी होत असेल तर ती काळ्याची कळ समजावी. ती मी फारशी हलवली नाही. अगदी गडद पट्टे जेमतेम वेगळे दिसतील आणि शुद्ध काळा काळाच राहील एवढेच पाहिले. गॅमा, म्हणजे मधल्या छटा किती गडद दिसाव्यात ते ठरवणारा आकडा, उजेडाच्या खोलीसाठी २.२ आणि रात्रीसाठी २.४ ठेवला. धार देणारी कळ शून्यावर नेली, पण इथेही सावध राहावे, कारण काही संचांवर तटस्थ बिंदू शून्य असतो तर काहींवर मधोमध.

एक चूक माझी होती, ती नोंदवतो. गडद दृश्यांत काळे कोट आणि काळे केस एकाच डागासारखे दिसत होते, आणि त्याचा दोष मी टीव्हीला देत होतो. प्रत्यक्षात स्ट्रीमिंग बॉक्स छटांच्या ० ते २५५ (काळा ते पांढरा) अशा पूर्ण पल्ल्यात चित्र पाठवत होता आणि टीव्ही ते १६ ते २३५ या मर्यादित पल्ल्याचे समजून दाखवत होता, म्हणजे १६ च्या खालची प्रत्येक छटा काळ्यात गडप होत होती. दोन्हीकडे एकच पल्ला ठेवताच सगळे तपशील परत आले.

सर्वांत वैताग आणला तो संचाच्या स्मरणशक्तीने. मी निगुतीने लावलेली मूल्ये केवळ त्या एका एचडीएमआय जोडणीला आणि त्या एका प्रकारच्या संकेताला लागू होती. साध्या चित्राचे सेटिंग वेगळे, एचडीआरचे (उजेड-अंधाराचा अधिक मोठा पल्ला असलेल्या चित्राचे) वेगळे, डॉल्बी व्हिजन या त्याच्याच एका प्रकाराचे आणखी वेगळे, आणि टीव्हीतल्या अंगभूत ॲपचे पुन्हा निराळे. एचडीआरचे पान तर एचडीआर चित्र चालू असतानाच उघडते. ते चालू नसताना त्याला हात लावण्याची सोयच नाही. सर्व जोडण्यांना एकच सेटिंग लावण्याचा पर्याय मेनूच्या तळाशी आहे, पण तोही त्या त्या प्रकारापुरताच.

आता मुख्य विषय. पडदा आपोआप मंद होतो, याची माझ्या संचावर एक नव्हे तर चार कारणे निघाली, आणि त्यांतली जी मेनूत सापडतात ती निरनिराळ्या कोपऱ्यांत आहेत. सगळे पर्याय एकदम बंद करून पाहण्याचा मोह होतो, पण त्यातून काहीच कळत नाही. एका वेळी एकच कारण तपासावे.

पहिले कारण वीजबचतीचे. खालच्या पट्टीत एक प्रकाशसंवेदक असतो आणि खोलीतल्या उजेडाप्रमाणे तो पडदा कमीजास्त करतो. ओळखण्याची खूण अशी, की एखादे स्थिर चित्र लावून संवेदकावर तळहात धरावा. काही सेकंदांत पडदा उतरू लागला आणि विजेरीचा झोत टाकताच चढला, तर दोषी तोच. माझ्या संचावर वीजबचतीचा पर्याय ‘पिक्चर’ मध्ये नव्हता, तो ‘जनरल’ मध्ये होता, आणि त्याखेरीज ‘एआय’ नावाच्या पानावर उजेडाचा दुसरा एक पर्याय होता. एक बंद केला तरी दुसरा चालूच राहत असे. डॉल्बी व्हिजन आयक्यू हा प्रकारही संवेदकावरच चालतो, पण तो मी चालू ठेवला आहे, कारण तो दिवसाउजेडी गडद दृश्ये उचलून दाखवतो आणि त्यात लहरीपणा जाणवत नाही.

दुसरे कारण दृश्याचेच. ‘डायनॅमिक कॉन्ट्रास्ट’ सारखा पर्याय चालू असला, की संच दर दृश्यागणिक उजेड आणि गडदपणा नव्याने ठरवतो आणि संवाद चालू असताना भिंतीचा रंग सरकल्यासारखा दिसतो. एलसीडी संचांत याचा त्रास अधिक, कारण तिथे गडद दृश्य आले की मागचा दिवाच खाली येतो आणि त्याबरोबर उपशीर्षकेही करडी पडतात. हा पर्याय बंद केला, विषय संपला.

एचडीआर चित्रपट साध्या चित्रापेक्षा काळोखी वाटतो, ही तक्रार मात्र याच जातीची दिसली तरी तिचे मूळ निराळे आहे. साध्या चित्राचे प्रमाण सुमारे १०० निट (निट हे उजेडाचे एकक) धरून तयार झालेले असते आणि टीव्ही ते दुप्पट-तिप्पट उजेडात दाखवू शकतो. एचडीआरमध्ये प्रत्येक छटेला किती निट द्यायचे ते आकड्यातच ठरलेले असते. त्या प्रमाणाची कमाल मर्यादा १०,००० निट आहे आणि घरातले बहुतेक संच तिच्या जवळपासही पोहोचत नाहीत. उजेडाची कळ आधीच शंभरावर असते, म्हणून वर जायला वाव उरत नाही. दिवसा ‘डायनॅमिक टोन मॅपिंग’ हा दृश्यागणिक उजेड जुळवणारा पर्याय लावल्यास चित्र उचलले जाते. रात्री मी ते बंद करतो. पडदे ओढून घेणे हा उपाय कोणत्याही मेनूपेक्षा सरस ठरला, हे मान्य केले पाहिजे.

तिसऱ्या कारणाने मला खरे छळले. मला बुद्धिबळाचे सामने पाहण्याची आवड आहे. खेळाडू वीस मिनिटे विचारात, पटावर एकही सोंगटी हलत नाही, आणि तेवढ्यात पडदा असा अलगद उतरत जाई, की लक्षात यावे तोवर निम्मा उजेड गेलेला असे. रिमोटवरून मेनू उघडला की क्षणात पूर्ववत. हीच त्याची खूण आहे. चित्राचा सरासरी उजेड काही मिनिटे फारसा बदलला नाही, की संच ते स्थिर चित्र समजतो आणि पडद्यावर कायमचा डाग उमटू नये म्हणून उजेड कमी करतो. हेतू निःसंशय चांगला. पण संच स्थिर चित्र आणि संथ चित्र यांत भेद करत नाही. एका खोलीत घडणारा लांबलचक संवाद असला तरी तो फसतो, आणि पुढचे दृश्य बाहेरच्या उन्हात उघडले की एकदम लख्ख होतो. मंदावणे डोळ्यांना कळत नाही, ते परत उजळल्यावरच कळते.

या प्रकाराला ग्राहकांच्या मेनूत बंद करण्याची सोय नाही. सेवा केंद्रातून आलेल्या तंत्रज्ञाने दहा मिनिटे चाचणी चित्रे फिरवली, ‘संचात काहीही दोष नाही’ असे सांगितले, आणि जाण्यापूर्वी सगळी सेटिंग मूळपदावर नेऊन ठेवली. दोष नव्हता हे खरेच होते. पण मंदावणे कशामुळे होते ते त्याने सांगितले असते तर माझी चार संध्याकाळची मेहनत पुसली गेली नसती. तंत्रज्ञांसाठीच्या खास रिमोटने सेवा मेनूत शिरून हे संरक्षण बंद करता येते, आणि अनेकजण ते करतात. मी केले नाही. त्या मेनूतली एखादी भलतीच कळ दाबली गेली तर संच सुरूच न होण्याचा धोका असतो, हमी नाकारली जाण्याची शक्यता असते, आणि ज्या डागाची कंपनीला भीती वाटते तो डाग काही काल्पनिक नाही. चौथे कारण त्याच कुळातले, पण सौम्य: वाहिनीचे बोधचिन्ह फार वेळ एका कोपऱ्यात राहिले की तेवढाच भाग मंद केला जातो. याला मेनूत ‘लो’ आणि ‘हाय’ असे पर्याय आहेत. मी ‘लो’ ठेवला आणि त्यानंतर त्याची आठवणही झाली नाही.

चित्र थांबवून ठेवल्यावर दोन मिनिटांनी येणारा काळोख मी या यादीत धरलेला नाही, कारण तो टीव्हीचा नव्हताच. स्ट्रीमिंग बॉक्सचा स्क्रीनसेव्हर आधी चित्र झाकोळून मग सुरू होई. टीव्हीच्या मेनूत त्याचा शोध घेण्यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली. शंका आल्यास तेच चित्र दुसऱ्या जोडणीवरून लावून पाहावे.

आणखी एक गोष्ट माहितीपुस्तिकेत ठळक असायला हवी होती. असे अनेक ओएलईडी संच एकूण चार तास वापर झाल्यावर, रिमोटने बंद केल्यानंतर, स्टँडबायमध्ये स्वतःच्या बिंदूंची दुरुस्ती करून घेतात. भिंतीवरच्या बटणाने वीज तोडण्याची सवय असेल तर ही दुरुस्ती होतच नाही, आणि मग डागांचा धोका आपणच वाढवतो.

ज्यांच्याकडे दिवसभर बातम्यांची वाहिनी चालू असते, किंवा ज्यांना टीव्ही संगणकाचा पडदा म्हणून वापरायचा आहे, त्यांनी चांगला मिनी एलईडी संच (मागे बारीक दिव्यांचे पुष्कळ गट असलेला एलसीडी) पाहावा. उपशीर्षकांभोवतीचे वलय त्यांना या मंदावण्याइतके खुपणार नाही. संध्याकाळी दिवे मालवून चित्रपट पाहणाऱ्यांना मी हा संच निःशंकपणे सुचवेन, मात्र पहिला आठवडा मेनूत घालवण्याची तयारी ठेवावी आणि प्रत्येक मूल्य वहीत टिपून ठेवावे, कारण तंत्रज्ञ कधी येईल ते सांगता येत नाही. बुद्धिबळाचे सामने मी आता लॅपटॉपवर पाहतो.