ग्राफिक्स कार्ड ओव्हरक्लॉक करून 8 महिने झाले, मुंबईच्या उकाड्यात काय टिकलं आणि काय नाही

डिसेंबरात माझं ग्राफिक्स कार्ड, आरटीएक्स 3060 (12 जीबीवालं), ओव्हरक्लॉक केलं, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने पळवलं, आता ऑगस्ट चालू आहे, म्हणजे थंडी उन्हाळा पावसाळा तिन्ही बघून झाले, म्हणून लिहितोय. तेव्हा सगळं व्हिडिओ बघून केलं होतं आणि ते व्हिडिओवाले एसीत बसलेले असतात हे माझ्या डोक्यात आलंच नाही. आमचं घर विक्रोळीत कन्नमवार नगरला, शेवटचा मजला, वर डायरेक्ट गच्ची, मे महिन्यात रात्री 11 ला पण भिंतीला हात लावला तर कोमट लागते. एसी नाही.

कार्ड लॅमिंग्टन रोडवरनं सेकंडहँड घेतलेलं, वॉरंटी संपलेली, त्यामुळे गेलं तर गेलं अशी तयारी होती पण पोटात गोळा होताच. खरं सांगायचं तर आजकालचं कार्ड नुसतं क्लॉक वाढवून जळत नाही, जास्तीत जास्त गेम बंद पडतो नाहीतर स्क्रीन दोन सेकंद काळी होऊन ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) परत उठतो. भीती असते ती व्होल्टेज वाढवण्यात आणि बायोस (कार्डाच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) बदलण्यात, त्या दोन्हीला मी आजपर्यंत हात लावला नाही आणि नवीन असाल तर तुम्ही पण लावू नका. हे सगळं ज्याच्यातून करतात ते एमएसआय कंपनीचं आफ्टरबर्नर सॉफ्टवेअर कुठल्याही कंपनीच्या कार्डवर चालतं, फक्त एमएसआयच्याच साइटवरनं घ्या, त्याच्या नावाने खोट्या साइटी करून व्हायरस वाटलेले आहेत लोकांनी.

मी केलं असं: आधी काहीच न बदलता टाइम स्पाय (कार्डाचा वेग मोजणारी टेस्ट, म्हणजे बेंचमार्क) चालवून स्कोअर वहीत लिहिला, ग्राफिक्सचा 8700 च्या आसपास. मग कोअर क्लॉक (मुख्य चिपचा वेग) 15-15 मेगाहर्ट्झने वर, कारण हे कार्ड तसंही 15 च्याच पायऱ्यांनी चढतं उतरतं, मधला आकडा टाकून काही फायदा नाही. 120 पर्यंत मस्त, 135 ला पण पास, 150 ला गेम थेट डेस्कटॉपवर. मग कोअर परत शून्यावर आणून मेमरी वेगळी टेस्ट केली, दोन्ही एकदम वाढवलं तर क्रॅश कोणामुळे झाला तेच कळत नाही. मेमरीची गंमत अशी की ती कोअरसारखी पटकन मरत नाही. 900 पर्यंत स्कोअर वाढत गेला, 1100 ला काहीच क्रॅश नाही, मी खूश, आणि स्कोअर बघतो तर 900 ला आला होता त्यापेक्षा कमी! जीडीडीआर 6 मध्ये (या कार्डाच्या मेमरीचा प्रकार) डेटा चुकला की चूक पकडून तो परत पाठवला जातो, त्यात वेळ जातो, म्हणून वरवर सगळं ठीक दिसतं आणि आतून कार्ड हळू झालेलं असतं. म्हणून मेमरीला क्रॅश नाही, स्कोअर बघायचा. शेवटी 135 आणि 900 वर सोडलं, स्कोअर 9250, म्हणजे साधारण 6 टक्के. गेममध्ये सेकंदाला 61 चे 65 फ्रेम. हो, एवढंच.

आणि इथेच माती खाल्ली. बेंचमार्क 20 मिनिटं पास झाला म्हणून लगेच 'स्टार्टअपला लागू करा' वालं बटण दाबून मोकळा झालो. तिसऱ्या दिवशी मावसबहिणीच्या हळदीचा व्हिडिओ रेंडरला लावला, रात्री द्यायचा कबूल केलेला, आणि 92 टक्क्यांवर सगळं गपगार. परत लावला, परत तेच. मावशीचे तीन फोन. शेवटी कोअर 105 वर आणला तेव्हा झाला. तेव्हापासून नियम एकच, जे सेटिंग आठवडाभर रोजच्या कामात टिकलं तेच स्टार्टअपला, तोपर्यंत दरवेळी हाताने लावायचं, कारण तोवर काही बिघडलं तर रीस्टार्ट केलं की आपोआप मूळ सेटिंगवर येतं.

मार्चपर्यंत छान चाललं, 74-75 डिग्री. मग मे आला. खोलीत 34, कार्ड 83 ला जाऊन टेकलं, 83 ही त्याची ठरलेली मर्यादा, तिथे पोचलं की ते स्वतःच क्लॉक पाडतं. त्याच्या आधीपासूनच जसं तापतं तसं थोडं थोडं खाली येत असतं. म्हणजे मी डिसेंबरात कमावलेले मेगाहर्ट्झ उकाड्याने परत घेतले आणि वर पंख्यांचा आवाज असा की आई आतून विचारते, मिक्सर कोणी लावलाय?

मग अंडरव्होल्ट केलं, म्हणजे कार्डाला मिळणारं व्होल्टेज कमी केलं, आणि राव, हे आधीच करायला पाहिजे होतं. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की व्होल्टेजचा ग्राफ उघडतो. मी पूर्ण रेघ कोअरच्या स्लायडरने 200 ने खाली घेतली, मग 875 मिलिव्होल्टचा एकच ठिपका धरून 1830 मेगाहर्ट्झपर्यंत वर ओढला आणि अप्लाय केलं, त्याच्या पुढची रेघ आपोआप सपाट होते. म्हणजे कार्डला सांगितलं की 875 च्या वर जायचं नाही. 170 वॉट खाणारं कार्ड 130 च्या आत आलं, त्याच उकाड्यात तापमान 83 चं 72, पंखे शांत. मेमरीला फक्त 500 ठेवलं, स्कोअर 8800, म्हणजे मूळ कार्डापेक्षा जरासा जास्तच. लाइट बिलात फरक पडेल असं कोणी सांगितलं तर हसा, रोज 4 तास धरले तरी महिन्याला 5 युनिट. फरक पडतो तो खोलीत बसवतं की नाही यात.

दर दोन महिन्यांनी धूळ मात्र काढावी लागते, आमच्याकडे हायवेची काळी धूळ येते, दाढीच्या जुन्या ब्रशने काढतो आणि ब्लोअर मारताना कार्डाच्या पंख्याला बोट लावून धरतो, नाहीतर तो गरागरा फिरून बेअरिंग खराब होते. एका साफसफाईत 4 डिग्री कमी झालेले, कुठलंही सेटिंग न बदलता.

जुना ओव्हरक्लॉक अजून प्रोफाइल 2 वर सेव्ह आहे. जूनपासून एकदाही दाबलेला नाही.