वाचनगटासाठी लोककथांचे पुस्तक कोणते? निवडीपूर्वी केलेली तुलना

ठाण्यात नौपाड्यातील एका सोसायटीच्या सभागृहात आमचा वाचनगट महिन्यातून एकदा, शनिवारी संध्याकाळी जमतो. गटात चौदा-पंधरा माणसे आहेत. त्यांत दोन निवृत्त शिक्षिका, ऐरोलीहून येणारे एक जोडपे, नोकरी करणाऱ्या चार-पाच तरुण मुली आणि अधूनमधून नातवंडांना घेऊन येणाऱ्या आजी आहेत. यंदा सहा महिने केवळ परीकथा आणि लोककथा वाचायच्या असे ठरले, तेव्हा पुस्तक निवडण्याचे काम माझ्याकडे आले. दोन महिने निरनिराळे संग्रह चाळल्यानंतर जे हाती लागले ते येथे मांडत आहे, कारण अशीच निवड करू पाहणाऱ्या इतर गटांनाही बहुधा हेच प्रश्न पडतील.

प्रथम कसोटी सांगतो. आमच्या बैठकीला दीड तास मिळतो. गोष्ट वीसेक मिनिटांत मोठ्याने वाचून झाली पाहिजे, आधीची बैठक चुकलेल्या माणसालाही ती समजली पाहिजे आणि वाचून झाल्यावर मतभेदाला जागा उरली पाहिजे. चौथी कसोटी मला हे काम करतानाच सुचली आणि आता तीच सर्वांत महत्त्वाची वाटते: गोष्ट कोणी सांगितली, कोणी लिहून घेतली आणि मधल्या हाताने तिच्यात काय बदलले, हे त्या पुस्तकातून किती कळते? लोककथा ही एका लेखकाची निर्मिती नसल्यामुळे, हा मधला हात दिसत नसेल तर गट गोष्टीविषयी बोलतो आहे की संपादकाच्या आवडीनिवडीविषयी, हे शेवटपर्यंत कळत नाही.

जर्मनीतील ग्रिम बंधूंचा परीकथांचा संग्रह याचे उत्तम उदाहरण आहे. त्याचा पहिला खंड 1812 मध्ये आणि दुसरा 1815 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर आवृत्तीगणिक कथा वाढत आणि बदलत गेल्या आणि 1857 च्या सातव्या आवृत्तीत त्यांची संख्या दोनशेच्या वर पोहोचली. आपण लहानपणी वाचलेली ‘हिमगौरी आणि सात बुटके’ ही या उत्तरकालीन रूपावर आधारलेली आहे. 1812 च्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली बाई तिची सख्खी आई आहे. 1819 मध्ये ती सावत्र आई झाली. हॅन्सेल आणि ग्रेटेल यांना जंगलात सोडून देण्याचा आग्रह धरणारी आई तर 1840 पर्यंत सख्खीच होती. रॅपुन्झेल ही बुरुजात कोंडलेली मुलगी मूळ आवृत्तीत आपले कपडे घट्ट का होऊ लागले असे निरागसपणे विचारते आणि त्यावरून ती गरोदर असल्याचे गुपित फुटते. पुढे तो प्रश्नच काढून टाकण्यात आला. आईची माया पवित्र मानणाऱ्या वाचकवर्गासाठी विल्हेल्म ग्रिम यांनी केलेली ही डागडुजी गटासमोर ठेवली, तर सावत्र आईविषयीच्या आपल्याकडील समजुतींवरही तासभर बोलता येते. म्हणून ग्रिम निवडायचाच असेल तर 1812-15 च्या आवृत्तीचा जॅक झाइप्स यांनी केलेला, 2014 मध्ये प्रसिद्ध झालेला इंग्रजी अनुवाद घ्यावा आणि त्याच्या शेजारी घरातले एखादे जुने मराठी बालरूपांतर ठेवावे. नुसते बालरूपांतर घेतल्यास मोठ्यांच्या गटाला बोलण्यासारखे फार थोडे उरते. शिवाय, ग्रिमना कथा खेड्यापाड्यांतील शेतकऱ्यांनी सांगितल्या, हा समजही बराचसा भाबडा आहे. त्यांना कथा पुरवणाऱ्यांत शिकल्यासवरल्या मध्यमवर्गीय घरांतील तरुणी बऱ्याच होत्या, आणि त्यांची सर्वांत गाजलेली कथेकरीण डोरोथेया फीमान ही एका शिंप्याची बायको होती.

फ्रान्समधील शार्ल पेरो यांचा 1697 चा संग्रह अवघ्या आठ गद्यकथांचा आहे. सिंड्रेलाची भोपळ्याची गाडी आणि काचेचा बूट पेरोंचे आहेत. ग्रिमच्या कथेत भोपळाही नाही आणि परीही नाही, तिथे आईच्या कबरीवर उगवलेले झाड आहे, आणि बूट पायात बसावा म्हणून एक बहीण अंगठा व दुसरी टाच कापून घेते. या दोन कथा एकाच बैठकीत वाचण्यासाठी पेरो घ्यावा, सहा महिन्यांसाठी नव्हे. हान्स अँडरसन यांना मी यादीतून लगेच वगळले. त्यांच्या कथा सुंदर आहेत, परंतु त्यातील बहुसंख्य त्यांनी स्वतः रचलेल्या आहेत. 1837 ची जलपरीची कथा कोणत्याही आजीने सांगितलेली नाही.

भारतीय पुस्तकांकडे वळल्यावर माझा पहिला ओढा कथासरित्सागराकडे होता आणि तिथेच माझी फसगत झाली. काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात राणी सूर्यमतीच्या मनोरंजनासाठी रचलेला हा संस्कृत ग्रंथ अठरा लंबकांचा (मोठ्या भागांचा) आणि 124 तरंगांचा (प्रकरणांचा) आहे. त्याची मूळ कथा आपल्याकडच्या वाचकाला जवळची वाटते, कारण ज्या ‘बृहत्कथे’वरून तो रचला गेला तिचा कर्ता गुणाढ्य हा सातवाहन राजाच्या दरबारातला, म्हणजे आपल्या पैठणच्या परिसरातला. राजाने ‘पैशाची’ नावाच्या प्राकृत भाषेतील ती कथा नाकारल्यावर गुणाढ्य रानात जाऊन एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवतो आणि अग्नीत टाकतो. जनावरे चरणे सोडून अश्रू ढाळत ऐकत राहतात. राजाला बातमी लागून तो धावत येतो तोवर सात लाख श्लोकांपैकी सहा लाख जळून गेलेले असतात. हा प्रसंग आम्ही वाचला तेव्हा सभागृहात कोणी हलले नाही. मात्र पुढच्या बैठकीला निम्मे लोक बदललेले होते आणि कथेच्या पोटात कथा, तिच्या पोटात आणखी एक, या रचनेमुळे आता नेमके कोण कोणाला सांगत आहे याचा पत्ताच लागेना. जो गट दर आठवड्याला भेटतो, ज्याचे सदस्य ठरलेले आहेत आणि ज्याला वर्षभराची सवड आहे, त्याने हा ग्रंथ अवश्य घ्यावा. आमच्यासारख्यांनी त्यातील वेताळाच्या पंचवीस कथाच काढून घ्याव्यात, कारण प्रत्येक कथेच्या शेवटी वेताळ राजाला प्रश्न विचारतो आणि चर्चेचा विषय आयताच मिळतो.

पंचतंत्राची चौकट त्या मानाने आटोपशीर आहे. अमरशक्ती राजाच्या तीन मठ्ठ मुलांना विष्णुशर्मा सहा महिन्यांत शहाणे करतो. सहाव्या शतकात हा ग्रंथ पहलवीत, म्हणजे जुन्या इराणी भाषेत, गेला आणि आठव्या शतकात तिथून अरबीत ‘कलीला व दिम्ना’ या नावाने. बहुतेकांना तो शाळेतल्या तात्पर्यांसह ठाऊक असतो, आणि तीच त्याची अडचण आहे. संपूर्ण अनुवाद वाचला तर त्यातले राजकारण, कपट आणि स्त्रियांविषयीचे कडवट शेरे पाहून वाचक चपापतात. गटात मुले येत असतील तर आधी स्वतः वाचून कथा निवडाव्यात, एवढे सांगून पुढे जातो.

‘अरेबियन नाइट्स’ची मराठीत मोठी परंपरा आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ आपल्या पणजोबांच्या पिढीने वाचल्या आणि पुढे गौरी देशपांडे यांनी रिचर्ड बर्टन यांच्या इंग्रजी अनुवादावरून सोळा खंडांचा अनुवाद केला. सोळा खंड हा आकडा ऐकताच गटाने हात जोडले.

उरले ते दोन पर्याय, आणि माझ्या मते खरी निवड याच दोहोंत आहे. पहिला पर्याय ए. के. रामानुजन यांनी संपादित केलेला, 1991 मध्ये प्रसिद्ध झालेला इंग्रजी संग्रह, ‘फोकटेल्स फ्रॉम इंडिया’. बावीस भाषांतील 110 कथा त्यात आहेत. बहुतेक कथा चार-पाच पानांच्या आहेत, प्रत्येकीची भाषा दिलेली आहे आणि शेवटी टिपाही आहेत. त्यातील एका कन्नड कथेत एका बाईला एक गोष्ट आणि एक गाणे येत असते, पण ती ते कोणालाच सांगत नाही. मग ती दोन्ही कंटाळून तिच्या पोटातून बाहेर पडतात आणि कोट व बूट बनून दारात जाऊन बसतात. नवऱ्याने कोणाचे बूट म्हणून विचारल्यावर घरात जे होते, त्यावर आमच्या गटातील स्त्रिया आणि पुरुष यांचे मुळीच एकमत झाले नाही. याच पुस्तकातील ‘हांची’ ही कन्नड कथा सिंड्रेलाच्या कुळातली आहे, पण तिच्यात बूट नाही. सोनेरी केसांच्या मुलीला तिची आई मातीचा मुखवटा घालते. सख्ख्या भावालाच तिचा मोह पडतो म्हणून मुखवटा आला आहे, हे मात्र मुले असलेल्या गटाने आधीच लक्षात घ्यावे. या संग्रहाचा दोष असा की बावीस भाषांतल्या साऱ्या कथा रामानुजनांच्या एकाच नितळ इंग्रजीत येतात आणि सांगणाऱ्यांचे आवाज वेगवेगळे ऐकू येत नाहीत. आम्ही त्यावर तोडगा असा काढला की, एकाने कथा घरी वाचून यावी आणि बैठकीत पुस्तक न उघडता ती मराठीतून सांगावी.

सांगणारीचा आवाज हवा असेल तर मेरी फ्रिअर यांचे 1868 चे ‘ओल्ड डेक्कन डेज’ पाहावे. मुंबईच्या गव्हर्नरच्या या मुलीने आपली आया ॲना लिबेराता डिसूझा हिच्या तोंडून या कथा ऐकून लिहून घेतल्या आणि पुस्तकाच्या आरंभी त्या आयेने स्वतः सांगितलेली तिची जीवनकहाणीही छापली. आयेच्या आजीकडून आलेल्या गोष्टी साहेबाच्या मुलीपर्यंत पोहोचताना काय गळले असेल, हा प्रश्न पुस्तक उघडताक्षणीच समोर येतो. इंग्रजी जुन्या वळणाचे असल्याने मोठ्याने वाचायला ते जड जाते. परंतु स्वामित्वहक्काची मुदत संपल्यामुळे ते इंटरनेटवर मोफत मिळते, आणि चौदा प्रती विकत घेणे ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी ही लहान बाब नाही.

दुसरा पर्याय इतका जवळचा आहे की तो मला शेवटी सुचला: श्रावणात देवळाबाहेर आणि पूजासाहित्याच्या दुकानात मिळणारी चातुर्मासाच्या कहाण्यांची पुस्तिका. ‘आटपाट नगर होतं’ येथून सुरू होऊन ‘साठां उत्तरांची कहाणी पाचां उत्तरीं सुफळ संपूर्ण’ येथे थांबणारे हे गद्य मोठ्याने वाचण्यासाठीच घडले आहे. एक कहाणी दहा मिनिटांत संपते आणि तिचे वाक्य न् वाक्य बायकांच्या तोंडी घासून गुळगुळीत झाले आहे. खुलभर दुधाच्या कहाणीत राजाच्या हुकमाने गावचे सगळे दूध महादेवाच्या गाभाऱ्यात ओतले जाते तरी तो भरत नाही. घरची मुले, वासरे तृप्त करून उरलेले खुलभर दूध एक म्हातारी आणते आणि गाभारा भरतो. दिव्यांच्या अवसेच्या कहाणीत सून स्वतः खाल्लेल्या पदार्थाचा आळ उंदरांवर घालते, उंदीर तिची चोळी पाहुण्याच्या अंथरुणात टाकून सूड घेतात, आणि घराबाहेर काढलेल्या त्या सुनेची बाजू शेवटी मांडतात ते दिवे, कारण ती त्यांना नेमाने घासून-पुसून ठेवत असे. सत्ता, संशय आणि सुनेचे घरातले स्थान यांवर याहून नेमकी कथा ग्रिमच्या दोनशे कथांतही सहज सापडणार नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. कहाणी अक्षता हातात घेऊन ऐकायची असते, आणि आमच्या गटातील एका आजींना तिची अशी चिरफाड रुचली नाही. त्यांचे म्हणणे अयोग्य नव्हते. त्यांनीच मग सुचवले की कहाणी त्या म्हणतील, सगळ्यांनी ती शांतपणे ऐकावी आणि चर्चा चहानंतर व्हावी. तेव्हापासून तसेच चालते, आणि त्या म्हणतात ती कहाणी छापील पुस्तिकेतल्या कहाणीशी दोन-तीन ठिकाणी जुळत नाही, हे आता आमच्या चर्चेचे पहिले कलम झाले आहे.

थोडक्यात निवड सांगायची तर, मुले येत असतील आणि सदस्य दर महिन्याला बदलत असतील तर कहाण्यांची पुस्तिका घ्यावी. सगळे प्रौढ असतील आणि इंग्रजीची अडचण नसेल तर रामानुजन घ्यावा. ग्रिम वर्षातून दोन बैठकांपुरता ठेवावा. आम्ही पहिले दोन्ही एकत्र घेतले आहेत, दर बैठकीला एक कहाणी आणि एक परप्रांतीची कथा. 1893 पासून चालू असलेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारखे जुने ग्रंथालय जवळ असेल तर खरेदीपूर्वी तिथली लोकसाहित्याची कपाटे पाहून घ्यावीत. दुर्गा भागवत यांचे 1956 चे ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ गटातील एकाने तरी वाचलेले असावे, सर्वांनी वाचण्याची गरज नाही. आगरी आणि वारली कथांसाठी मात्र छापील पुस्तकावर विसंबण्यापेक्षा लग्नात धवले, म्हणजे पारंपरिक लग्नगीते, म्हणणारी एखादी धवलारीण बोलवावी, असा आमच्या ऐरोलीकरांचा आग्रह आहे, आणि त्यांच्या शेजारच्या एका मावशींनी मार्गशीर्षातल्या बैठकीला यायचे कबूलही केले आहे.