पोर्टेबल कॉम्पॅक्टरवालं कचरा ट्रान्सफर स्टेशन: कोकणातल्या नगरपरिषदेने घ्यावं का?

घंटागाड्यांनी आणलेला कचरा बंद डब्यात दाबून भरायचा आणि हुकलोडर ट्रकने (डबा हुकने ओढून पाठीवर घेणाऱ्या) प्रक्रिया केंद्रावर न्यायचा, एवढंच या यंत्रणेचं काम. मत आधीच सांगून टाकतो: पाचपैकी साडेतीन. यंत्रात फारशी खोट नाही. गुण जातात ते जागा आणि छपरापायी.

आधी गरज आहे का ते बघा. गावाचा कचरा दिवसाला ८ टन आणि केंद्र १५ किलोमीटरवर असेल, तर ६०० किलो नेणाऱ्या घंटागाडीच्या १३-१४ खेपा होतात, म्हणजे चारशे किलोमीटरच्या आसपास. १४ घनमीटरच्या डब्याच्या दोन खेपांत तेच काम ६० किलोमीटरमध्ये होतं. केंद्र चार-पाच किलोमीटरवर असेल, तर मात्र हा खर्च निव्वळ हौस.

आपल्याकडचा कचरा ओला. दाबला की आधी पाणी निघतं. शहाळी दाबली तरी पुन्हा फुगतात, दाबपट्टी अडते आणि हायड्रॉलिक तेल तापतं. ती आणि झावळ्या वेगळ्या श्रेडरकडे पाठवाव्यात. मासळी बाजाराचा कचरा डब्यात घालूच नये. वास तर येतोच, शिवाय त्याचं खारं पाणी साधा पत्रा खातं. डब्याचा तळ स्टेनलेस स्टीलचा आणि इलेक्ट्रिक पॅनेल आयपी ६५ दर्जाचं, म्हणजे धूळ-पाणी आत न घेणारं, मागा. समुद्रावरच्या हवेत लिमिट स्विच (दाबपट्टी कुठवर गेली ते यंत्राला सांगणारी बटणं) आधी गंजतात, मग डबा भरला की नाही हे यंत्राला कळेनासं होतं.

रस्त्याकडेच्या लोकांची खरी तक्रार असते ती गळतीची. हुकने डबा ओढला की पुढची बाजू वर जाते आणि आत साचलेलं काळं पाणी सगळं मागच्या दारावर येतं. दाराच्या रबरी सीलमध्ये करवंटीचा एक तुकडा अडकला तरी तिथून धार लागते, ती थेट केंद्रापर्यंत. उपाय साधा आहे: उचलण्याआधी तळाचा व्हॉल्व्ह उघडून पाणी संपमध्ये, म्हणजे फरशीखालच्या टाकीत, सोडायचं, सील पुसायचं, मग दार आवळायचं. दहा मिनिटांचं काम, पण खेपांच्या घाईत पहिला फाटा यालाच मिळतो.

आता जागा. सभांमध्ये वाद होतो तो घरापासून किती मीटर, यावर. २०१६ च्या घनकचरा नियमांतलं वस्तीपासून २०० मीटरचं अंतर लँडफिलसाठी, म्हणजे कचरा पुरायच्या जागेसाठी होतं, ट्रान्सफर स्टेशनसाठी नव्हे. त्यामुळे विरोधक तो आकडा फेकतात, अधिकारी तो झटकतात आणि पाणी कुठे जाणार हा प्रश्न तसाच राहतो. जांभ्याच्या कातळात भेगा आणि पोकळ्या असतात. वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, सांडलेलं पाणी खालच्या वाडीतल्या विहिरीत उतरायला अंतर आड येत नाही. उतार कुठे आहे तेच महत्त्वाचं. म्हणून जागा मे महिन्यात बघू नये. जुलैत वहाळ कुठून वाहतो, विहिरी किती वर भरतात, हे बघून ठरवावं.

बंद पडलेली चिरेखाण फुकट मिळते म्हणून पुढे केली जाते. ती सगळ्यात वाईट. पावसात तिचं तळं होतं. खाडीकाठची पडीक जागाही तशीच. सीआरझेडमध्ये (किनारा नियमन क्षेत्रात) शहराचा कचरा टाकायला बंदी आहे, तेव्हा नकाशा आधी तपासावा. त्यातल्या त्यात बरी जागा म्हणजे रस्त्यालगतचा उंच, सपाट सडा, पण काँक्रीटची फरशी, तिला संपकडे उतार आणि वर छप्पर असेल तरच.

छपरावर पैसे वाचवणाऱ्यांनी हे गणित करावं: ३०० चौरस मीटरच्या उघड्या फरशीवर १०० मिलीमीटर पाऊस पडला की ३०,००० लिटर पाणी कचऱ्याला लागून घाण होतं. रत्नागिरीच्या जुलैत असा दिवस काही नवलाचा नाही. एवढं पाणी कुठलाही टँकर उपसत नाही, ते वहाळातच जातं. छप्पर असेल तर संपमध्ये येतं ते फक्त गळतीचं आणि धुण्याचं पाणी. पाऊस तिरका येतो, म्हणून समुद्राकडची बाजू पत्र्याने बंद हवी. पन्हाळीचं स्वच्छ पाणी वेगळ्या गटारात सोडायचं. हुक वर जाताना लागणारी उंची ट्रकवाल्याकडून लिहून घ्या, नाहीतर नवं छप्पर पहिल्याच खेपेला फाटेल. घंटागाडीच्या रॅम्पला दहाला एकपेक्षा जास्त चढ नको आणि काँक्रीटला खाचा हव्यातच. पावसाळ्यात शेवाळ धरलं की भरलेली गाडी मागे घसरते.

वेंगुर्ल्याने डंपिंगच्या जागेचं लोकांनी बघायला यावं असं कचरा केंद्र केलं, ते आधी घराघरांत वर्गीकरण नीट बसवून. वर्गीकरण नसेल तर कॉम्पॅक्टर सगळाच कचरा एकजीव करून टाकतो आणि पुढे प्रक्रिया केंद्राच्या हाती निवडण्यासारखं काही उरत नाही.

जागा ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत येते तिने ना हरकत देताना चार गोष्टी ठरावात घालाव्यात: डबे दोन असावेत, भरलेला डबा रात्री जागेवर राहू नये, संपचं पाणी कोण आणि कुठे नेणार ते ठरलेलं असावं आणि जनरेटर असावा. वादळात वीज गेली की दाबपट्टी अर्ध्यावर थांबते. हायड्रॉलिक होज आणि दाराचं सील नगरपरिषदेच्या गोदामात आणून ठेवलेलं असावं. मेकॅनिक मुंबई-पुण्याहून येईस्तोवर भरला डबा तिथेच सडतो.