लातूरहून सॉफ्टवेअर देखभालीच्या परिषदेला: कोणत्या दाराने जावे?

लातूरच्या मोंढ्यात आजही काही आडत दुकाने अशी आहेत, जिथे तुरीची आणि सोयाबीनची पट्टी वीसेक वर्षांपूर्वी फॉक्सप्रोत, म्हणजे नोंदी साठवण्याच्या एका जुन्या संगणकीय साधनात, लिहिलेल्या प्रोग्रॅमवर निघते. व्हिज्युअल फॉक्सप्रोला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार जानेवारी २०१५ मध्ये पूर्णपणे संपला, १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू झाला, आणि तरीही तो प्रोग्रॅम चालू आहे, कारण कोणीतरी दर हंगामाआधी येऊन त्यात डागडुजी करून जातो. या डागडुजीचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणारे लोक दरवर्षी ज्या ठिकाणी जमतात, ती परिषद म्हणजे आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेची ‘इंटरनॅशनल कॉन्फरन्स ऑन सॉफ्टवेअर मेंटेनन्स अँड इव्होल्यूशन’, अर्थात आयसीएसएमई. लातूरच्या एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवणारा मी, २०२१ पासून या परिषदेशी आणि तिच्या जातकुळीतल्या इतर परिषदांशी श्रोता, लेखक आणि मार्गदर्शक अशा तिन्ही नात्यांनी संबंध ठेवून आहे. त्या अनुभवावरून, आपल्याकडच्या शिक्षकाने आणि विद्यार्थ्याने येथे कोणत्या मार्गाने जावे आणि खर्च केलेल्या पैशांचा व वेळेचा मोबदला काय मिळतो, याचे हे परीक्षण आहे.

परिषदेचे मूळ १९८३ मध्ये अमेरिकेतील मॉन्टेरी येथे झालेल्या एका कार्यशाळेत आहे; १९८५ पासून तिला परिषदेचे रूप आले आणि २०१४ मध्ये नावात ‘इव्होल्यूशन’ हा शब्द जोडला गेला. वापरात असलेला प्रोग्रॅम सतत बदलत राहिला नाही तर तो उत्तरोत्तर निरुपयोगी होत जातो, हे संगणकशास्त्रज्ञ मेअर लेहमन यांनी १९७४ मध्येच नियमाच्या रूपाने मांडले होते, आणि मोंढ्यातल्या त्या प्रोग्रॅमकडे पाहिले की त्या नियमाला वेगळा पुरावा लागत नाही. परिषद दरवर्षी देश बदलते: २०२२ मध्ये सायप्रसमधील लिमासोल, २०२३ मध्ये बोगोटा, २०२४ मध्ये अ‍ॅरिझोनातील फ्लॅगस्टाफ, २०२५ मध्ये ऑकलंड. लातूरहून यांपैकी एकही जवळ नाही. महामारीमुळे २०२० ची अ‍ॅडलेडची आणि २०२१ ची लक्झेंबर्गची परिषद ऑनलाइन झाली, आणि खरे सांगायचे तर तेवढ्यामुळेच माझ्यासारख्याला पहिल्यांदा आत डोकावता आले. लक्झेंबर्गचे घड्याळ तेव्हा आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे होते, त्यामुळे दुपारचे प्रात्यक्षिक संपवून सायंकाळची सत्रे निवांत ऐकता येत असत.

ऐकण्याने भूक वाढते. पहिल्या उत्साहात आम्ही थेट मुख्य संशोधन ट्रॅकला, म्हणजे पूर्ण लांबीच्या पेपरांच्या विभागाला, हात घातला. दोन स्तंभांच्या आयईईई साच्यात दहा पानांचा मजकूर आणि संदर्भांसाठी वेगळी दोन पाने अशी तेथील रीत आहे, आणि परीक्षण दुहेरी अनामिक पद्धतीने होते, म्हणजे लेखकाला परीक्षक ठाऊक नसतो आणि परीक्षकाला लेखक. अशाच नियमांच्या एका परिषदेला पाठवलेल्या आमच्या पेपरात लेखकांची नावे आम्ही काळजीपूर्वक काढली, परंतु एका चित्रातील शुल्कपावतीच्या माथ्यावर महाविद्यालयाचे नाव ठळक अक्षरांत तसेच राहिले. पेपर न वाचता परत आला आणि त्यात दोष सर्वस्वी आमचा होता. मुदतीच्या बाबतीत मात्र नशीब आपल्या बाजूला असते. या परिषदांची मुदत ‘पृथ्वीवर कुठेही’ या नावाच्या वेळेप्रमाणे मोजली जाते, आणि त्या हिशेबाने मध्यरात्रीची मुदत आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सायंकाळी साडेपाचच्या सुमारास संपते. वीज गेली तर सकाळी उठून पेपर पाठवण्याची सोय आहे, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. ती सोय गृहीत धरून आदल्या रात्री झोपू नये, हेही सांगतो.

दुसऱ्या खेपेस पेपर वाचला गेला आणि नाकारला गेला. येथे मला परिषदेच्या बाजूने मनापासून सांगावेसे वाटते, की त्या नकारासोबत आलेली तीन परीक्षणे ही माझ्या अध्यापनाच्या काळात मला मिळालेली सर्वांत उपयुक्त शिकवणी होती. आमचा विषय होता जुन्या मराठी फॉन्टमध्ये साठवलेला मजकूर युनिकोड या आजच्या सर्वमान्य अक्षर-संकेतात नेण्याचा. शिवाजी किंवा कृतिदेव यांसारख्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवली जातात, म्हणून ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर येतो. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम नेमका उलटा. एका फायलीपुरते हे रूपांतर सोपे आहे, परंतु ग्राहकाचे नाव एका तक्त्यात जुन्या फॉन्टमध्ये, गावाचे नाव दुसऱ्या तक्त्यात इंग्रजीत आणि शेरा तिसऱ्यातच कुठे तरी, अशा विस्कळीत डेटाबेसमध्ये नेमके कोणते रकाने बदलायचे, हे ओळखणे हा देखभालीचा खरा प्रश्न आहे. परीक्षकांपैकी एकालाही देवनागरी येत असेल असे वाटले नाही, तरी त्यांनी विचारलेला प्रश्न नेमका होता: रूपांतरित झालेल्यांपैकी किती नोंदी माणसाने डोळ्यांनी तपासल्या? आम्ही एकही तपासली नव्हती. त्याउलट, काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका हॉटेलात भरलेल्या एका तथाकथित आंतरराष्ट्रीय परिषदेत पैसे भरून दोन दिवसांत पेपर मंजूर झाला होता, परीक्षणाची एक ओळही मिळाली नव्हती आणि प्रमाणपत्र मात्र लॅमिनेट करून मिळाले होते. पदोन्नतीच्या गुणांसाठी अशा परिषदांच्या मागे लागणाऱ्या सहकाऱ्यांना हा फरक एकदा तरी अनुभवायला हवा.

माझे मत असे झाले आहे, की जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयाने मुख्य दाराशी ताटकळण्याऐवजी बाजूच्या दारांकडे आधी पाहावे. कच्च्या परंतु नव्या कल्पनेसाठी ‘न्यू आयडियाज अँड इमर्जिंग रिझल्ट्स’ हा ट्रॅक आहे, पेपर आखूड असतो आणि मोठ्या प्रयोगाची अपेक्षा नसते. उद्योगांचा स्वतंत्र ट्रॅक आहे. मोंढ्यातला तो फॉक्सप्रोवाला कधी लिहायला बसला तर त्याची जागा तेथेच, आणि त्याच्याकडचा मालमसाला आमच्यापेक्षा अस्सल आहे. विदा (डेटा) गोळा करण्याआधीच अभ्यासाची पद्धत तपासून घेण्याची ‘रजिस्टर्ड रिपोर्ट’ ही सोय मला तत्त्वतः आवडते, पण ती धीराच्या माणसांसाठी आहे. पीएच.डी. करणाऱ्यांसाठी डॉक्टोरल सिम्पोझियम असतो, जिथे विद्यार्थ्याने आपला आराखडा एकट्याने मांडायचा आणि अनुभवी संशोधकांनी त्यातली भोके दाखवायची. आपल्याकडच्या प्रगती-सादरीकरणात ज्या ठिकाणी चहा आणि ‘छान चालले आहे’ एवढेच मिळते, तेथे ही भोके लाखमोलाची ठरतात.

आम्हाला पावला तो टूल डेमोचा, म्हणजे तयार साधन चालवून दाखवण्याचा, ट्रॅक. आमच्या एम.टेक.च्या एका विद्यार्थिनीने रूपांतराचा तोच प्रोग्रॅम, या वेळी हाताने तपासलेल्या नोंदींसह, अशाच एका परिषदेच्या या ट्रॅकला पाठवला. येथे पानांपेक्षा चालणाऱ्या वस्तूला महत्त्व आहे, सोबत एक छोटा व्हिडिओ जोडावा लागतो, आणि परीक्षक तो प्रोग्रॅम स्वतः उतरवून पाहू शकतात. परभणीच्या घरी, पंखा बंद ठेवून तिने चौथ्या प्रयत्नात व्हिडिओचा आवाज नीट मुद्रित केला. पेपर स्वीकारला गेला.

मग पैशांची बाजू उघडी पडली. स्वीकारलेल्या प्रत्येक पेपरामागे किमान एका लेखकाने नोंदणी शुल्क भरून सादरीकरण करणे बंधनकारक असते, आणि परकीय चलनातले ते शुल्क, विद्यार्थ्यांची सवलत धरूनही, आपल्याकडच्या कंत्राटी शिक्षकाला किंवा विद्यार्थ्याला सहज पेलणारे नाही. त्यावर विमानभाडे आणि व्हिसासाठीच्या मुंबईच्या फेऱ्या आहेतच. एसीएम इंडिया आणि आयएआरसीएस या संगणकशास्त्राच्या संघटनांकडून मिळणाऱ्या प्रवास अनुदानाचा, तसेच आयईईईच्या सभासदत्वाने मिळणाऱ्या सवलतीचा अर्ज पेपर स्वीकारल्याच्या दिवशीच करावा. आम्ही उशीर केला आणि अर्धा खर्च तिच्या वडिलांनी सोसला. स्वयंसेवक विद्यार्थ्यांना काही तासांच्या कामाच्या बदल्यात शुल्कात सूट देण्याची प्रथाही अनेक परिषदांत आहे. ज्यांना देशाबाहेर जाणे शक्यच नाही, त्यांनी २००८ पासून भारतात भरणाऱ्या आयसेक या सॉफ्टवेअर अभियांत्रिकीच्या परिषदेपासून सुरुवात करावी, तिथपर्यंत निदान रेल्वेने जाता येते. ऑनलाइन सादरीकरणाची मुभा महामारीनंतर आटत चालली आहे, ही माझी या सगळ्या क्षेत्राबद्दलची मोठी तक्रार आहे, कारण त्या मुभेचा सर्वाधिक लाभ आमच्यासारख्यांनाच होता.

एक दार मात्र शुल्क, विमान आणि व्हिसा यांच्यापलीकडचे आहे, आणि त्याची माहिती आपल्याकडे जवळजवळ कोणालाच नसते. पेपरासोबतचा प्रोग्रॅम आणि विदा खरोखर चालतात का, हे तपासणाऱ्या आर्टिफॅक्ट समितीत बऱ्याच परिषदा पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना घेतात, आणि त्यासाठी स्वतःचे नाव स्वतःच सुचवता येते. लेखक आपली सामग्री झेनोडोसारख्या भांडारात कायमस्वरूपी ठेवतात, समितीचे सदस्य ती उतरवून सूचनांप्रमाणे चालवतात, आणि चालली तर पेपरावर तसा बिल्ला लागतो. आमची तीच विद्यार्थिनी आता पीएच.डी. करते आणि यंदा अशा एका समितीत आहे. गेल्या आठवड्यात तिने प्रयोगशाळेतल्या संगणकावर एका परदेशी गटाचा प्रोग्रॅम चालवला. सूचनांमधली तिसरी आज्ञा चालत नव्हती, कारण त्या आज्ञेला लागणाऱ्या एका लायब्ररीची, म्हणजे तयार कोडच्या संचाची, जुनी आवृत्ती आता कुठेच मिळत नाही. तिने ते दोन ओळींत, सौम्य शब्दांत लिहून पाठवले, आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त केलेल्या सूचना आल्या.