ओल कायमची बंद करून देणारे

होळी झाली की जुन्या पेठांमधून ‘ओल कायमची बंद’ अशी कार्डं वाटत माणसं फिरायला लागतात. वेळ मुद्दाम साधलेली असते. उन्हाळ्यात भिंत वरवर सुकतेच. काम झालं की थोडे दिवस सगळं झकास दिसतं आणि पावसाळा लागेपर्यंत पैसे पोचलेले असतात.

साताऱ्याला माझ्या माहेरी हेच झालं. घर नऊ इंची विटांच्या भिंतींचं, पन्नासेक वर्षांचं. जमिनीपासून कमरेपर्यंत पोपडे, लोणा (भिंतीवर फुटणारा पांढरा खार), कपाटामागे कुबट वास. आई एकटीच असते. असाच एक कार्डवाला दारात आला. त्याने दोन सुयांचं मीटर भिंतीला टोचलं, लाल दिवा लागला, यंत्र कोकलायला लागलं. “मावशी, भिंत आतून कुजलीय. यंदा नाही केलं तर खचणार बघा.” रनिंग फुटाला ४५० रुपये, गिलाव्याचे वेगळे, १० वर्षांची गॅरंटी. सत्तर टक्के आधी द्यायचे, कारण म्हणे केमिकल बाहेरून मागवावं लागतं.

आधी त्या मीटरचं सांगते, कारण सगळा खेळ त्यावरच चालतो. तसली मीटरं मुळात लाकडातला ओलावा मोजायला केलेली असतात. दोन सुयांमधून वीज किती सहज जाते एवढंच त्यांना कळतं. भिंतीत खार असला की वीज जास्त सहज जाते, आणि जुन्या ओलसर भिंतीत खार असतोच. नंतर एका ओळखीच्या इंजिनिअरने माळ्यावर ठेवलेल्या, पाण्याचा थेंबही न लागलेल्या जुन्या गिलाव्याच्या ढेकळाला तसंच मीटर लावून दाखवलं. पावसाळी हवेतला दमटपणा खारानेच ओढून घेतलेला. मीटर लाल!

भिंतीत केमिकल भरणं ही पद्धत खोटी नाही. जोत्याजवळ विटांच्या दर्जात (म्हणजे विटांमधल्या सांध्यात) दहा-बारा सेंटीमीटरवर भोकं पाडतात, ती जवळजवळ भिंतीच्या जाडीइतकी खोल नेतात आणि सिलेन या पाणी झिडकारणाऱ्या रसायनाचं दाट क्रीम भरतात. ते पसरून पाणी वर चढायला अडवतं. आमच्याकडे लेबल नसलेल्या कॅनमधून पांढरट पाणी ओतलं गेलं. पुढे भोकं उकरून बघताना आमचे जुने गवंडी म्हणाले, “ताई, ह्ये दर्जात न्हाईच. विटंत मारलंय, आन् त्ये बी चार बोटं.” काडी घालून बघितली, खरंच तिथेच अडली.

वरून त्याने सिमेंटचा घट्ट गिलावा आणि पुट्टी थापली. भिंतीला श्वास घ्यायला जागा उरली नाही, तेव्हा ओल गिलाव्याच्या वर सरकली. दसऱ्यापर्यंत कमरेची ओल खांद्याला आली. फोन केला तर उत्तर काय, तर “मावशी, खार बाहेर पडतोय, चांगलं लक्षण आहे.” मग फोन बंद. गॅरंटी कार्डावर पत्ता नाही, आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात ‘क्षार व पोपडे यांना लागू नाही’. मग राहिलं काय?

खरं दुखणं बाहेर होतं. समोरचा रस्ता थरावर थर चढून उंच झालेला, आणि त्याच्या बरोबरीला आणायचं म्हणून अंगणात भर घालून पेव्हर ब्लॉक बसवलेले. जोत्यातला डीपीसीचा पट्टा, म्हणजे ओल वर चढू न देणारा थर, बाहेरच्या जमिनीपेक्षा निदान अर्धा फूट वर हवा, तो आमचा मातीखाली गेलेला. त्यात पन्हळ फुटलेली, पागोळ्यांचं पाणी थेट भिंतीच्या मुळाशी. आता भिंतीलगतचे ब्लॉक काढून जमीन खाली नेली, खडी भरली, उतार बाहेर दिला, पन्हळ बदलली. सिमेंट खरवडून काढलंय. भिंत वाळायला इंचामागे साधारण महिना धरायचा, म्हणजे आमच्या भिंतीला नऊएक महिने. त्यानंतर चुन्याचा गिलावा. लवकर होत नाही म्हणूनच तर ‘चार दिवसांत ओल बंद’वाल्यांचं फावतं.

तुमच्या दारात असा कोणी आला तर मीटर त्याला खिशातच ठेवायला सांगा आणि विचारा, पाणी येतंय कुठून? बाहेरची जमीन, पन्हळ, मोरी, गळका नळ न बघता जो दर सांगतो त्याला चहाही देऊ नका. भिंतीवर ॲल्युमिनियमची फॉइल चारी बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवा. थेंब खोलीच्या बाजूला आले तर तो हवेतला दमटपणा आहे, भिंतीच्या बाजूला आले तर ओल भिंतीतून येतेय. काम द्यायचंच ठरलं तर केमिकलचा सीलबंद डबा समोर उघडायला लावा, लेबलचा फोटो काढा, आणि गिलाव्याने झाकण्याआधी भोकांची खोली काडीने मोजा.

आम्हाला पक्कं बिल मिळालं नाही, पण यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सॲपवरची बोलणी आहेत. तेवढ्यावर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली आणि जिल्हा ग्राहक आयोगातही अर्ज केलाय. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, तक्रार करायची मुदत २ वर्षांची असते. पत्ता नसल्यामुळे नोटीस बजावणंच अडलंय, म्हणून सध्या त्याच्या बँक खात्यावरून माग काढायची खटपट चालू आहे.