स्पेक्ट्रम घ्यायचा की त्याचा क्लोन?

झेडएक्स स्पेक्ट्रम, म्हणजे ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीचा ऐंशीच्या दशकातला घरगुती संगणक. त्याच्या कुळातलं यंत्र घ्यायचंय, पण मूळ ब्रिटिश की त्याचे क्लोन (नकला), म्हणजे स्लोव्हाक डिडॅक्टिक किंवा सोव्हिएत लेनिनग्राद, हे ठरत नसेल, तर आधी त्यातली यूएलए चिप बघा. पडदा, कीबोर्ड, कॅसेट, सगळं हीच सांभाळते. फेरांटी या ब्रिटिश कंपनीची ही चिप खास सिंक्लेअरसाठी बनलेली. यंत्राचा मेंदू असलेल्या झेड८० प्रोसेसरची नक्कल सोव्हिएत संघातही झाली होती, म्हणजे तो प्रश्न नव्हता. खरी अडचण यूएलएचीच, आणि तिथेच क्लोनवाल्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

मूळ ४८के, म्हणजे ४८ केबी मेमरीचा स्पेक्ट्रम (१९८२), घेण्याचं एकच मोठं कारण: बहुतेक गेम याच्याच वेगावर बेतलेत. दुखणीही ठरलेली. खालच्या १६ केबीच्या ४११६ मेमरी चिपना तीन वेगवेगळे व्होल्टेज लागतात. त्यातलं उणे ५ व्होल्टचं गेलं की चिप जळतात. कीबोर्डची पातळ फीतही वयानुसार तडकते. (भारतात डेसीबेल्स कंपनीने विकलेला स्पेक्ट्रम प्लस परवान्याने बनलेला होता. सापडला तर त्याला मूळच्याच रांगेत धरा.)

डिडॅक्टिक गामा स्लोव्हाकियातल्या स्कालित्सा गावचा, १९८७चा. ८० केबी रॅम आणि आतच ८२५५ चिपचा जोडणी-पोर्ट, म्हणजे बाहेरची उपकरणं चालवायला उत्तम. पण यूएलए फेरांटीचीच, त्यामुळे ती गेली की मूळ यंत्रासारखीच पंचाईत. १९९०च्या डिडॅक्टिक एममध्ये त्याऐवजी आंगस्त्रेम या सोव्हिएत कारखान्याची चिप आहे. तिच्यामुळे चित्र आडवं न पसरता चौरस दिसतं, आणि मला ते खटकतं. जॉयस्टिकचे दोन पोर्ट आहेत, पण जोडण्या इतक्या निराळ्या की तयार जॉयस्टिक बसत नाही.

सोल्डरिंग येत असेल तर मी लेनिनग्रादच सुचवेन. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस सेर्गेई झोनोव यांनी यूएलएचं काम साध्या लॉजिक चिपांवर वाटून टाकलं. कुठलीही चिप बिघडली तरी बाजारात बदली मिळते, आणि ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारं उपकरण) लावून सिग्नल कुठे अडलाय ते पायरीपायरीने शोधता येतं. संगणक आतून शिकायला यासारखी दुसरी शाळा नाही. मूळ यंत्रात यूएलए मेमरी वापरत असताना प्रोसेसरला थांबावं लागतं. इथे तसं नाही. त्यामुळे प्रोसेसरचे नेमके ठोके मोजून रंग बदलणारे डेमो (चित्र-करामती दाखवणारे प्रोग्रॅम) बिघडतात, साधे गेम मात्र बिनतक्रार चालतात.

मूळ यूएलएला बदली चिप आता नव्याने बनतात, त्यामुळे फक्त खेळायचं असेल तर ४८के घ्यायला हरकत नाही. जुनं यंत्र घेताना मात्र आतल्या बोर्डाचा फोटो मागाच. यूएलए सॉकेटमध्ये आहे ना, आणि ४११६च्या आसपास जळाल्याच्या खुणा नाहीत ना, एवढं बघून मग पैसे द्या.